मावशीचं औषध

युटा, १४ जानेवारी २०२४

ती. रत्नामावशी,

नमस्कार. मी निघताना तू तिकिटं लावून, स्वतःचा पत्ता घालून वीस पाकिटं दिली होतीस, त्यातलं हे पहिलं. "फोनवर तू 'बरंय, ठेवतो' म्हणतोस आणि ठेवतोस. कागदावर खोटं लिहायचा तरी कंटाळा करशील," असं म्हणाली होतीस. खरं सांगू, मला खरं लिहायचाही कंटाळा येतो. दहावीत नापास झाल्यापासून पेन धरलं ते फक्त पार्सलवर सही करायला.

तर मी फ्रीमाँटला पोचलो नाही. सामान हलवणाऱ्या ट्रकवर निघालो होतो, पण ड्रायव्हरशी थोडे मतभेद झाले आणि मी युटात एका पेट्रोल पंपावर उतरलो. तिथे पाटी होती, चेरीच्या बागेवर माणूस पाहिजे, राहायची सोय. आईला सांग, शेतीखात्यात लागलोय.

मालकाचं नाव लामार. वय चौऱ्याऐंशी, उंची सहा फूट, बोलणं दिवसाला बारा शब्द. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. घरात तो, मी आणि एक फ्रीज. फ्रीजमध्ये डाएट कोला सोडून काही नाही. सकाळी उठला की कोला, फांद्या छाटून आला की कोला. गावात कोल्याचं दुकान आहे, तिथे गाडीतून उतरायचंही नाही, खिडकीतून बादलीएवढा ग्लास देतात. त्यात नारळाचं सिरप आणि वर साय! ही माणसं सोलकढी करायला निघाली होती आणि वाट चुकली, दुसरं काही नाही.

इथे सगळे मॉर्मन आहेत, ख्रिश्चनांतलाच एक पंथ. दारू नाही, सिगरेट नाही, शिवी नाही. एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात, तरी लग्नं होतात.

मागच्या आठवड्यात म्हाताऱ्याला खोकला झाला. रात्रभर ठण ठण. म्हणून तुझ्यासारखा चहा केला. नुसत्या दुधाचा, आलं, वेलची, गूळ नव्हता म्हणून ब्राउन शुगर. "हे काय?" म्हणाला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी म्हटलं, "माय आंटीज मेडिसिन." प्याला. कप पुढे केला. पुन्हा प्याला. सकाळी खोकला निम्मा, आणि माणूस बारा शब्दांवरून थेट चाळिसावर! आता दिवसातून तीनदा विचारतो, "सन, तुझ्या मावशीचं औषध झालं का?"

तू दिलेली पत्ती संपत आली. पाठव.

शिव


आयसेलिन, २४ जानेवारी २०२४

शिवास आशीर्वाद.

पत्र मिळालं. मतभेद म्हणजे नक्की काय केलंस ते लिहिलेलं नाही. साडीच्या दुकानात चार महिने, डेव्हन ॲव्हेन्यूला मिठाईवाल्याकडे तीन आठवडे, त्या शिवांगीच्या टिफिनवर नऊ दिवस. तुझी मतं एकदा डॉक्टरला दाखव.

दोन किलो पत्ती पाठवते आहे, सोबत सुंठ आणि वेलचीची पूड. त्या वयाच्या माणसाला नुसतं दूध पचत नाही, अर्धं पाणी घाल. आलं उकळी आल्यावरच टाक, आधी टाकलंस तर दूध फाटेल. ओक ट्री रोडवर तेवीस वर्षं चहा विकते आहे, पण औषध म्हणून कोणी मागितला नव्हता. बरं वाटलं हो.

माणूस चांगला दिसतो आहे. टिक तिथे.

आई विचारते आहे, शेतीखात्यात पेन्शन असते का.

रत्नामावशी


युटा, २० फेब्रुवारी २०२४

मावशी,

हे आईला वाचून दाखवू नकोस. पाकिटावरही लिहिलंय.

घोटाळा झालाय. नीट सांगतो.

लामारची नात हॅना, तिचं ११ मेला लग्न आहे. पोर लहान असतानाच तिची आई गेली, हिला लामारनं आणि त्याच्या बायकोनं वाढवलं. लग्न यांच्या मंदिरात. आपल्याकडे चपला काढल्या की आत. इथे तसं नाही. आत जायला कार्ड लागतं, आणि कार्डासाठी बिशपसमोर तोंडी परीक्षा. बिशप म्हणजे मोठा झगा वगैरे काही नाही, नील नावाचा माणूस आहे, त्याचं टायरचं दुकान आहे. तो विचारतो, खरं बोलता का, धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळता का, असं. लामारची परीक्षा जानेवारीच्या शेवटी झाली. पास.

आता हॅनाचा बाप, म्हणजे लामारचा मुलगा. वेस नाव त्याचं. धर्म सोडला त्यानं बारा वर्षांपूर्वी, म्हणून त्याला कार्ड नाही. स्वतःच्या पोरीच्या लग्नात हा बाहेर बागेत उभा राहणार. म्हणजे मुलीकडून आत कोण? एकटा लामार. म्हातारा मला म्हणाला, "आमच्या बाजूच्या खुर्च्यांवर निदान एक माणूस पाहिजे." भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर रोज फुली मारतो.

काल दोन सिस्टर आल्या, बटाट्याचं काहीतरी चीज घातलेलं घेऊन. आपलं वळण काय? घरी आलेल्याला चहा. मी म्हटलं, "टी घ्या ना." दोघी एकदम, "नो, थँक यू." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नो. मावशी, मला रागच आला. आपल्याकडे कोणी चहाला नाही म्हटलं की समजायचं, याच्या मनात काहीतरी आहे. मी तोंडावर म्हटलं, "का, माझ्या हातचं चालत नाही का?" तेव्हा त्यातली एक बिचारी घाबरली आणि म्हणाली, "तसं नाही. आमच्या धर्मात चहा-कॉफी बंद आहे. दारूसारखी."

दारूसारखी!

आणि शेजारच्या खोलीत लामार आरामखुर्चीत बसून फुर्र फुर्र तुझं औषध पीत होता. आवाज इथपर्यंत येत होता. ती सिस्टर म्हणाली, "ब्रदर लामारची तब्येत किती सुधारली!"

चौऱ्याऐंशी वर्षांत ज्यानं चहा चाखला नाही, त्याला मी दिवसाला तीन कप पाजतोय. आणि वर तो बिशपला 'नियम पाळतो' म्हणून आलाय. कळलं तर कार्ड जाणार. काय करू? लवकर लिही.

शिव


आयसेलिन, २८ फेब्रुवारी २०२४

शिवा,

पाकिटावर 'आईला दाखवू नये' लिहिलंस, म्हणून ते तिनेच आधी फोडलं. आता देवाजवळ बसली आहे. मी विचारलं, कुठल्या देवाला सांगते आहेस, तर म्हणाली, "दोन्हीकडच्या."

घाबरू नकोस. शेजारची अनन्या नर्सिंग शिकते, तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, इट्स द कॅफीन." चहातली तरतरी काढून टाकलेला चहा मिळतो, डीकॅफ. तो पाठवते आहे. गपचूप पत्ती बदल. तरतरी नाही म्हणजे पाप नाही. आणि त्यांना म्हणावं, तो कोला बंद करा आधी, त्यात चिकार असतं.

कोणाला काही सांगायला जाऊ नकोस. तुझं तोंड उघडलं की तुझी नोकरी जाते, हा आजवरचा अनुभव आहे.

रत्नामावशी


युटा, २४ मार्च २०२४

मावशी,

पत्ती बदलली. तिसऱ्या दिवशी लामार कप बघून म्हणाला, "तुझ्या मावशीची तब्येत बरी आहे ना? औषधात दम नाही राहिला." चौथ्या दिवशी डोकं धरून बसला. रविवारी चर्चमध्ये झोपला, आणि नुसता झोपला नाही, घोरला. पुढे एक बाई रडत रडत काहीतरी सांगत होती, आणि मागून हा ट्रॅक्टर. बिशप नील माझ्याजवळ आला, "ब्रदर लामारला बरं नाही का?"

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो. लामारच्या पिकअपचं टायर घेऊन गेलो, त्याला काही झालं नव्हतं, मीच हवा सोडली. नील जॅक लावत होता, शेजारी कोल्याची बादली, नारळवाली. मी म्हटलं, "माझा एक मित्र आहे. त्यानं एका मॉर्मन माणसाला चुकून कॅफीनवालं काही दिलं तर?"

तो हसला. बादली उचलून दाखवली. "हे काय आहे मग? कॅफीनचं काही नाही. आमचं चहा आणि कॉफीशी आहे. ते पानच नको. गरम, गार, हिरवा, काळा."

"आणि त्यातली तरतरी काढली तर?"

"पान तेच ना?"

अनन्याला सांग, नर्सिंग कर पण धर्मात पडू नकोस.

म्हणजे बघ, आधीचा चहा चूक होती, मला माहीत नव्हतं. पण डीकॅफ? तो मी मुद्दाम, लपवून दिला. आणि म्हातारा कार्ड खिशात घालून कॅलेंडरवर फुल्या मारतोय. सांगितलं तर त्याचं कार्ड जाणार, लग्नही चुकणार. नाही सांगितलं तर तो पोरीच्या लग्नात आत बसणार, आणि मला माहीत असणार की मी त्याला खोटं करून आत पाठवलंय.

काल बॅग भरली. खरं सांगतो. असं काही झालं की मी निघतोच, तुला माहीत आहे. आजवर सगळीकडून असाच निघालो. पिकअपपर्यंत गेलोसुद्धा. पण टायरमधली हवा मीच सोडली होती, आणि टायर अजून नीलकडेच. परत येऊन भांडी घासली.

शिव


आयसेलिन, २ एप्रिल २०२४

शिवा,

मागच्या पत्रात मी गप्प बस म्हटलं होतं. ते मागे घेते.

तुझ्यावर नोकरी जाण्याची वेळ येऊ नये म्हणून लिहिलं होतं, धर्मबिर्म काही माझ्या डोक्यात नव्हतं. पण काल दुकानात एक बाई आल्या, उपास होता त्यांचा. कामावरच्या मुलीने चुकून नेहमीचा चिवडा बांधला. मी गल्ल्यावरून उठून रस्त्यावर धावले, "अहो, तो नका खाऊ!" तेव्हा तुझा म्हातारा आठवला. परक्या बाईचा उपास मोडू नये म्हणून मी दुखरे गुडघे घेऊन धावते, आणि तुला सांगते गप्प बस.

आणि एक. औषध म्हणून माझं नाव घातलंस तू. मी चहा विकते. सांग त्यांना खरं काय ते. कार्ड राहील नाहीतर जाईल.

सोबत वाळवलेली गवती चहाची पात आहे. नावाला घाबरू नकोस, ते गवत आहे, पत्तीशी त्याचा संबंध नाही. आलं, पात, वेलची, गूळ, वरून दूध. पण आता काही पाजण्याआधी विचार. त्यांनाच विचार.

बॅग कॉटखाली ढकल.

रत्नामावशी


युटा, १६ एप्रिल २०२४

मावशी,

सांगितलं. रविवारी, जेवण झाल्यावर. म्हटलं, "लामार, ते औषध नाही. चहा आहे. जानेवारीपासून."

त्यानं ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "आणि हल्लीचा, पांचट?"

"तोही चहाच. तो मी माहीत असून दिला."

उठला, फोन उचलला, "नील, जमेल तेव्हा ये." नील दहा मिनिटांत हजर. रविवारचा कोट, टाय, हातात बादली. तिघं स्वयंपाकघरात बसलो. नील म्हणाला, "मला करून दाखव." मी केला चहा, उकळी आल्यावर आलं, सगळं तू सांगतेस तसं. घरभर वास. नीलनं पातेल्यात नाक घातलं, बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "ब्रदर लामार, तुम्हाला माहीत नव्हतं. नकळत घेतलं ते कोणी धरत नाही. कार्ड राहू द्या."

माझा जीव भांड्यात पडला. संपलं, म्हटलं!

लामार म्हणाला, "नील, बस खाली."

नील बसला.

"पहिला कप प्यालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात रिकामं पाकीट बघितलं मी. त्यावर चहाच्या पानाचं चित्र होतं. मी डब्याला झाकण लावलं."

"त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं."

मावशी! मी दोन महिने धड झोपलो नाही, चांगल्या टायरची हवा सोडली, आई दोन्ही देवांपुढे बसली, आणि हा माणूस झाकण लावून आरामात फुर्र फुर्र! मी उभा राहून मराठीत बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, आईच वाचणार. दोघं शांतपणे ऐकत होते. नीलनं विचारलं, "तो प्रार्थना करतोय का?" लामार म्हणाला, "नाही. माझ्याबद्दल बोलतोय, आणि बरोबर बोलतोय."

मग नीलनं हात पुढे केला. लामारनं पाकिटातून कार्ड काढून दिलं. नीलनं ते कोटाच्या खिशात घातलं. "तीन रविवार. पान बंद. ५ मेला माझ्यासमोर या आणि खरं सांगा. मग बघू."

"आणि तुला वाटलं, मी खोटं सांगतोय, तर?"

"तर हॅनाला मी समजावीन," नील म्हणाला, आणि त्याचा आवाज काही टायरवाल्याचा राहिला नव्हता.

तो गेल्यावर लामार मला म्हणाला, "पहिला कप तुझी चूक. बाकीचे आपल्या दोघांचे." नोकरीबद्दल बोलला नाही. मीही विचारलं नाही. सकाळी फांद्या छाटायला हाक मारली.

शिव


आयसेलिन, २४ एप्रिल २०२४

शिवा,

तुझ्या पत्राचा मधला भाग आईने तीनदा वाचला. मराठीत काय बोललास ते तिला शब्दशः पाहिजे आहे.

म्हाताऱ्याचं डोकं दुखत असेल. पहिला आठवडा जड जातो, तुझे काका सोडायचे ना तंबाखू, दर सोमवारी. पात चालते का ते विचारलंस का? ५ तारखेला काय झालं ते त्याच दिवशी लिही. हवं तर फोन कर, मी काही म्हणणार नाही.

लग्नासाठी रव्याचे लाडू पाठवते आहे. त्यात काय काय आहे ते कागदावर लिहून डब्यात ठेवलं आहे, अनन्याकडून इंग्रजीत. नीलना दाखव.

रत्नामावशी


युटा, १२ मे २०२४

मावशी,

फोन केला नाही, कारण हे फोनवर मला जमलं नसतं.

पातीला नीलनं परवानगी दिली, पण तीन फोन आणि पुस्तक चाळून. तरी लामार प्रत्येक कपाला मला विचारायचा, "पान?" मी म्हणायचो, "गवत." मग प्यायचा. पहिला आठवडा फार वाईट गेला. झाडांवर ओरडायचा. एकदा पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला. बघतो तर पत्तीचा डबा समोर घेऊन बसलेला. झाकण लावलेलं. मी शेजारी बसलो. उजाडल्यावर दोघं बागेत गेलो, चेरीला फूल आलेलं, सगळं पांढरं.

५ तारखेला नीलच्या खोलीत गेला तो वीस मिनिटं बाहेर आला नाही. मी गाडीत. आला, बसला, पट्टा लावला, आणि पाकीट उघडून कार्ड दाखवलं. घरापर्यंत पाकीट उघडंच मांडीवर.

काल लग्न. लामार कोट घालून आत गेला. मी बाहेर, कारण मी कोण? बाहेर बागेत वेस उभा होता, सूट घातलेला, हातात काही नाही. इतका वारा, आणि हा दाराकडे बघत उभा. अजून चार-पाच जण होते आत न जाता येणारे. मी माझ्यापुरता थर्मास नेला होता, पत्तीचा, अर्धं पाणी. वेसला विचारलं, "चहा घेणार? आधीच सांगतो, चहा आहे." तो म्हणाला, "तूच का तो?" म्हणजे सगळीकडे झालंय तर. त्यानं घेतला. कप वाढला तसे बाकीचेही आले. एक काकू म्हणाल्या, त्यांना कॉफीमुळे वीस वर्षं आत जाता आलं नाही, आणि आता चहाची ओळख होतेय.

तासाभरानं दार उघडलं. माणसं बाहेर यायला लागली, फोटो सुरू झाले. लामार फोटोत गेला नाही. सरळ आमच्याकडे आला. हे दोघं बाप-लेक एका ठिकाणी उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहत होतो. वेस म्हणाला, "कशी दिसत होती?"

लामारचे हात गार पडले होते. त्यानं वेसच्या हातातला कप घेतला. मी पुढे झालो, म्हटलं आता काय करतोय हा. पण प्याला नाही. दोन्ही हातांत धरून कठड्यावर बसला आणि सांगायला लागला. मावशी, दिवसाला बारा शब्दांचा माणूस! खोलीत दोन भिंतींवर समोरासमोर आरसे आहेत, त्यात ती दोघं कितीतरी वेळा दिसतात. हॅनानं आजीचा रुमाल मनगटाला बांधला होता. 'हो' म्हणताना आवाज फुटला आणि तिला हसू आलं. नवऱ्यामुलाच्या बुटाची नाडी सुटलेली होती. "आमच्या बाजूला सात खुर्च्या होत्या, मी मधल्या खुर्चीवर बसलो." काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात म्हणाला, त्या सांगितल्या नाहीत, बाकी एकही सोडली नाही. वेस खाली मान घालून ऐकत होता, मधेच म्हणायचा, "आणि मग?"

लामारचं सांगून झालं तोवर चहा पार गार झालेला. त्यानं कप वेसला परत दिला. वेसनं तो तसाच, सायीसकट, एका घोटात संपवला.

मी कोणाला गार चहा पिऊ देत नाही, तुला माहीत आहे. थर्मासात गरम होता अजून. पण मी गप्प राहिलो.

चेरी जूनच्या शेवटी उतरवायची आहे. तोवर बॅग कॉटखालीच.

शिव